तू कापलेली ओळ

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (माझ्या गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे हा नमस्कार खुर्चीत बसूनच केलेला आहे, तरी तो पूर्ण आठ अंगांचा धरावा.)

डोळा कसा आहे? ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुला महिनाभर वाचायची बंदी केली आणि तू तिसऱ्याच दिवशी थेंबांच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून तीत शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्यास, हे आतोबांकडून कळलं. म्हणून हे पत्र फळ्यावर लिहावं तशा मोठ्या अक्षरांत लिहिते आहे. जाडी बघून घाबरू नकोस. वजन अक्षरांचं आहे, मजकुराचं नाही. फोन का केला नाही असं विचारू नकोस. तूच म्हणायचीस की फोनवर बोललेलं नंतर कापता येत नाही, आणि या मजकुरातलं बरंचसं तुला कापावंसं वाटणार आहे.

पत्र आभाराचं आहे. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तू चौथ्या ओळीला "मुद्द्यावर ये" म्हणणार नाहीस. आभार मानायला अकरा वर्षं लागली याबद्दल कान पकडते. (एकच पकडते, दुसऱ्या हातात पेन आहे.) वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीत तुझ्या शेजारच्या स्टुलावर मी तीन वर्षं बसले, हरवले-सापडले, खोली भाड्याने देणे, नावात बदल आणि दुःखद निधन एवढ्या चारच विषयांवर लिहिलं, आणि एके दिवशी उठून गाणी लिहायला निघून गेले. तेव्हा मी काहीतरी भलतंच बोलले होते. "माणसं मेल्याच्या चौकटी भरण्यात माझा जन्म जायचा नाही" असं काहीसं. तू मान वर न करता म्हणालीस, "छत्री घेऊन जा." मी छत्री घेऊन गेले. ती परत केली की नाही आठवत नाही.

गीतकार म्हणजे खिडकीशी बसलेला, हनुवटीला हात लावलेला माणूस अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मला मिळाली खोली नंबर चार. ती एका तीन मजली इमारतीच्या तळघरात आहे, तिला खिडकीच नाही, भिंतींना काळा स्पंज चिकटवलेला आहे आणि एक एसी आहे, जो रेकॉर्डिंग सुरू झालं की बंद करावा लागतो, कारण त्याची घरघर गाण्यात शिरते. म्हणजे ऐकताना गारगार वाटणारं प्रत्येक गाणं आम्ही घामाच्या धारांत बनवलेलं असतं. बसायला एक सोफा आहे. त्याची मधली स्प्रिंग बाहेर आलेली आहे आणि तिच्यावर सगळ्यात नवीन माणसाला बसवतात. मी त्या स्प्रिंगवर दोन वर्षं काढली. खोलीत आम्ही तिघं कायमचे: मी, संगीतकार (हा बिस्किटं खात खात विचार करतो, त्यामुळे कीबोर्डच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये एक संपूर्ण बेकरी आहे) आणि कंपनीचा निर्माता, ज्याला सगळे हेडफोन म्हणतात, कारण त्याचे कान आजवर कुणी पाहिलेले नाहीत.

गाण्यात चाल आधी येते आणि शब्द मागून, हे मला तिथे गेल्यावर कळलं. (म्हणजे आधी फ्रॉक शिवायचा आणि मग त्या मापाची मुलगी शोधत हिंडायचं.) चाल विसरू नये म्हणून संगीतकार तोंडाला येतील ते शब्द घालून ती गातो, त्याला डमी म्हणतात. माझ्या पहिल्या चालीची डमी होती: "उद्या मला वेळ नाही, परवा मला वेळ नाही, सोमवारी दात काढायचाय." मी आठ दिवस खपून तीवर विरह लिहिला. त्यात चंद्र होता, किनारा होता, कुणाच्या तरी पावलांचे ठसेही होते. गायकाने दोन्ही गाऊन पाहिलं, घाम पुसला आणि म्हणाला, "दातवालं ठेवा." तेच ठेवलं. माझं नाव छापून आलेलं पहिलं गाणं ते, आणि त्यात माझा एकही शब्द नाही. मी रडत तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "संपादकांचंही तसंच असतं. जेवलीस का?"

त्यानंतरच्या दहा वर्षांत मी दोनशे बारा गाणी लिहिली. त्यातली एकोणतीस रेकॉर्ड झाली आणि सहा लोकांनी ऐकली. (सहा गाणी, असं वाच. लोक त्याहून थोडे जास्त होते.) एक विरहगीत होतं, ते ऐन वेळी गायकाचं लग्न जमल्यामुळे बाद झालं. लग्न मोडल्यावर त्याने ते परत मागवलं, पण तोवर मी ते एका गादीच्या जाहिरातीला देऊन बसले होते. ("तुझ्यावाचून झोप नाही" हे गादीला जास्त शोभलं, हे मान्य करायला हवं.) एका ज्येष्ठ गायकांना कुणालाही अरेतुरे करणं पसंत नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्या "तू"च्या जागी "आपण" घालायला लावलं, आणि ते प्रेमगीत ऐकताना निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या निरोपसमारंभात बसल्यासारखं वाटू लागलं. "निघून जा" नावाचं एक गाणं तर इतकं मनापासून उतरलं होतं की रेकॉर्डिस्टने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. तो आता शेळ्या पाळतो. सुखात आहे. मला अधूनमधून शेळ्यांचे फोटो पाठवतो.

यातलं प्रत्येक गाणं मी तुला पोस्टाने पाठवत होते आणि प्रत्येक गाणं तू लाल पेनने भोसकून परत पाठवत होतीस. विशेषणांवर तुझा पहिल्यापासून राग. "व्याकूळ" कापलं, "हळुवार" कापलं, "अथांग"च्या शेजारी लिहिलंस, "मोजलंस का?" अकरा वर्षांत तू एकदाही "छान" लिहिलं नाहीस. पण "आता पुरे, परत ये" असंही एकदा लिहिलं नाहीस. मला त्या वेळी पहिल्याचं वाईट वाटायचं. दुसऱ्याचं मोल कळायला जरा उशीर लागला.

आता मुख्य हकीकत. गेल्या वर्षी हेडफोनने मला बोलावून सांगितलं की कंपनी गीतकारांची संख्या कमी करते आहे आणि हे गाणं पडलं तर माझी खुर्ची जाईल. (स्प्रिंगवरून मी खुर्चीवर कधीच आले होते, आणि हेच माझं करिअर.) गाणं होतं एका बावीस वर्षांच्या मुलीसाठी. तिची आधीची दोन गाणी पडलेली. ती कोपऱ्यात बसून कागदी रुमालाच्या पट्ट्या फाडत होती आणि त्या मांडीवर नीट एकावर एक रचत होती. सकाळचे अकरा वाजले होते. संगीतकाराने मुखड्याची चाल वाजवली, आठ सूर आणि मग लांब थांबा. एसी नुकताच बंद केलेला, म्हणून डमी होती "पंखासुद्धा बंद आहे." मी चार पर्याय दिले, चारही पडले. पाचवा मी स्वतःच पाडला. तेवढ्यात मुलीचा फोन उजळला. तिने बघितलं आणि पालथा घालून ठेवला. पुन्हा उजळला, पुन्हा तेच. हेडफोनने विचारलं, कोण आहे? ती म्हणाली, "घरून आहे. उचलला की रागावतील."

आणि आत्या, मी खोली नंबर चारमधून उठून थेट आपल्या खिडकीत गेले.

तुला तो चष्मेवाला आठवतो का? शर्टाच्या खिशात तीन चष्मे आणि डोळ्यांवर चौथा. त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा परीक्षेत नापास झाला, बाप त्याला काहीतरी बोलला आणि मुलगा घरातून निघून गेला. मुलासाठी जाहिरात म्हणून त्याने चार पानं पाठपोट लिहून आणली होती. काय बोलला तेही चौथ्या पानावर लिहिलं होतं आणि मग खोडलं होतं, इतकं की तिथे कागद फाटला होता. तू चारही पानं वाचलीस. मागे रांग लागली होती. जुनी स्कूटर विकायला आलेला एकजण कुरकुरला, त्याला तू म्हणालीस, "स्कूटर कुठे पळून जात नाही." मग चष्मेवाल्याला म्हणालीस, "हे तो वाचेल तेव्हा कुठेतरी उभ्याने वाचेल. उभ्या माणसाच्या हातात चार पानं देऊ नयेत." आणि कापायला बसलीस. शेवटी उरलं ते असं: घरी ये. कुणी रागावणार नाही. कुणी काही विचारणार नाही. बाबा.

त्याने वाचलं, मान हलवली. फक्त एक ओळ त्याला परत हवी होती, "किल्ली खालच्या मावशींकडे आहे," कारण तो आणि त्याची बायको दिवसभर मुलाला शोधत बाहेर असायचे. तू ती घेतली नाहीस. म्हणालीस, "चोरही पेपर वाचतात." तेव्हा तो पहिल्यांदा हसला. मीही हसले, आणि रांगेतला स्कूटरवालासुद्धा.

तर मी त्या मुलीकडे बघून म्हटलं, "कुणी रागावणार नाही." सांत्वन म्हणूनच म्हटलं होतं, पण संगीतकाराचं बिस्किट तोंडाशी थांबलं. त्याने आठ सूर वाजवले. शब्द त्यांत असे बसले जसे तिथेच राहायला होते. मुलीने ते गायलं आणि रुमालाच्या पट्ट्या जमिनीवर पडल्या. बाकीचं गाणं मी अर्ध्या तासात लिहिलं. अर्ध्या तासात लिहिलं असं सगळ्यांना सांगते, त्याआधीची तीन वर्षं स्टुलावर गेली हे कुणाला सांगत नाही.

पुढचं तुला ठाऊकच आहे. ते गाणं कुठे वाजलं नाही असं ठिकाण उरलं नाही. दाताच्या दवाखान्यात वाजलं, लिफ्टमध्ये वाजलं, उशिरा घरी येणारे नवरे ते दारातच मोबाईलवर लावू लागले. (फारसा उपयोग होत नाही असं ऐकते.) एका शाळेने निकालाच्या दिवशी ते लाउडस्पीकरवर लावलं, मग निकाल सांगितला, आणि मग सगळे रागावले. गायिकेने मुलाखतीत सांगितलं की हे शब्द तिला स्वप्नात ऐकू आले. लोक मला चिडवायला लागले की बघ, तुझं श्रेय गेलं. मी कुठल्या तोंडाने चिडणार होते? तिने माझ्याकडून घेतलं तेच मी तुझ्याकडून घेतलं होतं, आणि मी तर तुला सांगितलंही नव्हतं. तू ओळखलं असणारच. पण तू पोस्टकार्डावर एवढंच कळवलंस: "ऐकलं. दुसऱ्या कडव्यात एक विशेषण जास्त आहे."

मग गेल्या महिन्यात कंपनीच्या रिसेप्शनवरून खाली फोन आला. एक गृहस्थ आले आहेत, म्हणतात हे गाणं म्हणजे माझी जाहिरात आहे, सोबत कात्रण आहे. त्या दिवशी हेडफोनने कानांवरचे हेडफोन काढले. (कान अगदी साधेच निघाले. आमची जरा निराशा झाली.) वकीलबाईंना बोलावलं. त्यांनी मला मीटिंगच्या खोलीत बसवून बजावलं की हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, आणि मान हलवायची तर वर्तुळाकार हलवायची. टेबलावर पाण्याच्या सहा बाटल्या मांडल्या, जणू माणूस नव्हे, मोर्चा यायचा होता.

आला तो चष्मेवालाच. म्हातारा झालाय. खिशात आता पाच चष्मे आहेत. त्याने खुर्चीत बसून आधी वकीलबाईंकडे निरखून पाहिलं. त्यांना वाटलं, आता नुकसानभरपाईचा आकडा येणार. तो म्हणाला, "बाई, तुमच्या चष्म्याची डावी काडी वाकलीय. डोकं दुखत असेल तुमचं." खिशातून करंगळीएवढा स्क्रूड्रायव्हर काढला, चष्मा मागून घेतला, दोन मिनिटांत सरळ करून दिला. वकीलबाईंनी तो घातला, भिंतीकडे पाहिलं आणि त्यानंतर संपूर्ण मीटिंगमध्ये त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

आता पुढचं सांगण्याआधी, आत्या, मला त्याने एक बजावलं आहे. म्हणाला, "बाईंना सांगा, पण आधी शेवट सांगा, मधलं मग." तेव्हा आधी शेवट: मुलगा घरी आहे. बारा वर्षं झाली घरी येऊन. बापाच्या दुकानात काचा घासतो, बापापेक्षा चांगल्या घासतो, त्याचं लग्न झालंय, आणि तो बापाला मशीनला हात लावू देत नाही, काउंटरवर बसवतो. हे पक्कं लक्षात ठेव आणि मग पुढची ओळ वाच.

मला तर वाटलं होतं, तो तक्रार करेल. त्याने कात्रण चष्म्याच्या डबीतून काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "मला एकच विचारायचंय. गाण्यात तुम्हाला चोरांची भीती नव्हती. मग किल्लीचं का नाही घातलं?"

मी वर्तुळाकार मान हलवली.

तो म्हणाला, "मुलगा दिवसभर दुकानात हे गाणं ऐकतो आणि दर वेळी पुटपुटतो, किल्लीचं सांगायला काय झालं होतं. म्हणून आलो."

मुलाने ती जाहिरात वाचली होती, आत्या. छापून आल्यावर सहाव्या दिवशी, एका सलूनमध्ये, अर्धे केस कापून झालेले असताना. उरलेले अर्धे कापून तो तडक घरी आला. दाराला कुलूप. आईबाप त्यालाच शोधायला गेलेले. तो जिन्यात अर्धा तास बसला. खालच्या मावशी घरातच होत्या, रेडिओ मोठ्याने लावून, आणि किल्ली त्यांच्या खिळ्याला लटकत होती. अर्ध्या तासाने त्याचा धीर सुटला आणि तो निघून गेला. परत आला तो चौदा महिन्यांनी.

तुझ्या वतीने काहीतरी म्हणायला हवं होतं. मी एवढंच म्हटलं, "आम्ही ती ओळ कापायला नको होती."

तेव्हा तो जे बोलला ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण त्यासाठीच हे सगळं पत्र आहे. तो म्हणाला, "नाही हो. त्या दिवशी तो आत शिरला असता, तर संध्याकाळी मी आलोच असतो. आणि विचारलंच असतं. कुठे होतास, काय खाल्लंस, आता परीक्षेचं काय, सगळं विचारलं असतं. रागावलोही असतो. सहा दिवसांत माझा राग कुठे गेला होता? पेपरात छापलं होतं तेवढंच. रोज सकाळी ते कात्रण वाचायचो आणि मनात म्हणायचो, खोटं छापलंय आपण. वाचता वाचता कधीतरी खरं झालं. चौदा महिने लागले. तो आला तेव्हा मी नुसतं ताट वाढलं. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं माझ्याकडे." मग कात्रण डबीत परत ठेवत म्हणाला, "बाईंनी लिहिलं ते माझ्यापेक्षा चांगल्या माणसाने लिहिल्यासारखं होतं. तो माणूस व्हायला मला वेळ लागला, एवढंच. बाईंना माझा नमस्कार सांगा. आणि किल्लीचं घाला. मुलाचं समाधान होईल."

हेडफोन उठून बाहेर गेला. पाण्याची बाटली आणायला गेलो होतो असं नंतर म्हणाला. टेबलावर सहा होत्या.

आम्ही गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. संथ लयीत, फक्त कीबोर्डवर, शेवटी किल्लीची ओळ आणि जाहिरातीतला "बाबा" घालून. ती चालीत बसेना. संगीतकार म्हणाला, "मावशी कापू." मी म्हटलं, मावशी कापायच्या नाहीत, पाहिजे तर सूर वाढव. त्याने दोन सूर वाढवले आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. गायिकेला मी या वेळी सगळी हकीकत सांगितली, स्वप्न सोडून खरं काय ते. तिने काचेपलीकडे उभं राहून ती ओळ गायली, "किल्ली खालच्या मावशींकडे आहे," आणि इतक्या साध्या, घरगुती वाक्याने खोलीतल्या कुणालाच कुणाकडे बघवेना. गाणं संपल्यावर ती फोन घेऊन बाहेर पॅसेजमध्ये गेली आणि पाऊण तास आली नाही. आम्ही एसी लावून वाट पाहिली. अकरा वर्षांत इतका वेळ एसी सलग चाललेला मी पहिल्यांदाच पाहिला.

हे नवं गाणं या शुक्रवारी टीव्हीवर येणार आहे. त्याच्यावर गीतकार म्हणून दोन नावं असतील. पहिलं तुझं, संपूर्ण, लग्नाआधीच्या आडनावासकट, दुसरं माझं. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू कापलं असतंस. चष्मेवाल्यालाही नाव घालू का म्हणून विचारलं होतं. तो म्हणाला, "माझं आहे की. शेवटचा शब्द."

आत्या, माझ्या दोनशे बारा गाण्यांत लोकांच्या तोंडी राहील अशी एकच ओळ आहे, ती तुझी आहे, आणि ती तू कुणाच्या टाळ्यांसाठी लिहिली नव्हतीस. मागे रांग उभी असताना एका रडवेल्या माणसासाठी लिहिलीस, आणि "पुढे या" म्हणून स्कूटरची जाहिरात घेतलीस. मी मात्र तेव्हा शेजारी बसून घड्याळाकडे बघत होते. माणूस शेजारी काय शिकवतोय हे कळायला त्याच्या शेजारून उठून जावं लागतं की काय, कोण जाणे. पण तू जाऊ दिलंस, आणि लाल पेन चालू ठेवलंस. दोन्हींबद्दल मनापासून आभार. ("मनापासून" कापू नकोस. ते विशेषण नाही, मी पाहिलंय.)

आतोबांना नमस्कार. थेंब वेळेवर घाल. हे पत्र एका बैठकीत वाचू नकोस.

तुझी भाची

ता. क. एक विनंती आहे. खरं तर पत्र त्यासाठीच काढलं होतं, मध्ये आभार आले. शुक्रवारी तुझं नाव टीव्हीवर दिसणार म्हणजे बाबा ते बघणार, आणि बहिणीच्या खालचं नाव मुलीचं आहे हे त्यांना चष्म्याशिवायही कळणार. बाबांना अजून वाटतं की मी वर्तमानपत्रातच आहे. मी नोकरी सोडली तेव्हा "जरा बस्तान बसलं की सांगू" असं तुला म्हटलं होतं; ते बस्तान बसता बसता अकरा वर्षं गेली. दर रविवारी फोनवर मी त्यांना ऑफिसच्या गोष्टी सांगते. सांगायला काही नसायचं म्हणून मी एक हेडक्लार्क तयार केले, तापट, प्रामाणिक, कंबरदुखीने हैराण. बाबांना ते फार आवडले. मागच्या वर्षी त्यांनी हेडक्लार्कसाठी शेकायची रबरी पिशवी पाठवली. ती माझ्याकडे आहे. तर तू मोठी बहीण आहेस, तुझा शब्द ते खाली पडू देत नाहीत. शुक्रवारच्या आत तूच त्यांना काय ते सांग. मला ओरडले तर चालेल, पण ते गप्प बसले तर मला सोसणार नाही.

ता. क. २. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात बाबांचाच फोन आला. रविवार नव्हता. म्हणाले, "टीव्हीवर झलक दाखवतात ते तुमचं गाणं शुक्रवारी किती वाजता आहे गं? ताईला विचारलं, तर म्हणाली, ज्याच्या मुलीचं आहे त्याने तिला विचारावं." आत्या, तू त्यांना नऊ वर्षांपूर्वीच सांगितलंस? आणि वर बजावलंस की ती स्वतः सांगेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही? आणि त्यांनी नऊ वर्षं दर रविवारी माझं ऑफिस ऐकून घेतलं? दातवालं गाणं त्यांना पाठ आहे. त्यांनी म्हणून दाखवलं. मी फोन धरून जमिनीवरच बसले. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी.

ता. क. ३. फोन ठेवताना बाबा जरा घुटमळले. म्हणाले, "बाकी सगळं मला माहीत होतं गं. पण ते हेडक्लार्क तरी खरे ना?"

मी म्हटलं, पिशवीने त्यांना खूप आराम आहे.